हिरव्या पाटीचा ढावलो

मी एक जुनी पाटी आहे. थांबा, थांबा, खडू शोधायला धावू नका! मला लाकडी चौकट नाही, दगडाचं अंग नाही आणि ओल्या फडक्यानं मला पुसताही येत नाही. मी संगणकात राहते. अक्षरं लिहायची, खोडायची आणि जपून ठेवायची, एवढंच माझं काम. चित्रं नाहीत, नखरे नाहीत. माझं खरं नाव परदेशी आहे आणि ते घेताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. पण माझ्या खुणेच्या चित्रात एक हिरवी पाटी आहे, म्हणून फुलसावंगीजवळच्या तांड्यात मला सगळे हिरवी पाटी म्हणतात. मलाही तेच नाव आवडतं.

मित्रांनो, आज मी जरा घाईघाईनं बोलणार आहे, कारण गोष्टच तशी आहे. नुसती आठवली तरी माझी अक्षरं उड्या मारायला लागतात!

माझा जन्म कुठल्या एका घरात झाला नाही. चार-पाच देशांतल्या चार-पाच माणसांनी आपापली कामं उरकून, फावल्या वेळात मला घडवलं आणि जगाला फुकट देऊन टाकलं. "घ्या आणि लिहा," म्हणाले. मग काय विचारता! शाळांत, कचेऱ्यांत, छापखान्यांत, दवाखान्यांत, जिकडे तिकडे मी. लोक म्हणायचे, "हलकी आहे, झटकन उघडते, कधी दगा देत नाही." ऐकून ऐकून मी फुगले. मला वाटायला लागलं, आपल्यात खोट अशी नाहीच.

आणि माझ्या पोटात तर एक खोट पहिल्या दिवसापासून होती. मला माहीत नव्हती, मला घडवणाऱ्यांनाही नव्हती. ती सापडली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, तांड्यातल्या एका पोरीला. तिचं नाव अंजू.

अंजूनं पुसदला संगणकाचा कोर्स केला आणि फुलसावंगीत लोकांचे अर्ज भरून द्यायचं दुकान टाकलं. दिवसभर ती माझ्यावर काही ना काही लिहायची. माझ्याशी बोलायचीसुद्धा. "चाल वं पाटी, उघड लवकर, लोकं उभे हायेत." मी उघडायचे. आमचं छान जमलं होतं.

तिची काकी बसंतीबाई. तांड्यातलं एकही लग्न हिच्या आवाजाशिवाय झालेलं नव्हतं. मित्रांनो, बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी सासरी निघताना मायबापाच्या, भावंडांच्या गळ्यात पडते आणि रडता रडता गाते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. नवरी म्हणजे नवलेरी. तिनं ढावलो म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. अलीकडच्या पोरींना त्यातल्या दोन-तीन ओळी येतात आणि चौथीला डीजे सुरू होतो. बसंतीबाईला मात्र तिच्या आईचा सबंध ढावलो येत होता. बावीस ओळी. तिच्याशिवाय कुणालाच नाही, आणि ती लिहायला शिकलेली नव्हती.

नेमकी तिच्याच गळ्यात गाठ निघाली. यवतमाळला ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, नंतर दोन महिने एक शब्द बोलायचा नाही, आणि त्यानंतर आवाज कसा येईल ते आत्ताच सांगता येत नाही. इकडे तिची मुलगी संगीता हिचं लग्न ऑपरेशननंतर साडेतीन आठवड्यांनी. संगीता नांदेडला नर्स. रजा मिळणार लग्नाच्या पाच दिवस आधी. आता सांगा, आईनं लेकीला ढावलो शिकवायचा कधी आणि कसा?

अंजू म्हणाली, "काकी, फोनमधी म्हणून ठेव ना. टेप होऊन जाईन."

बसंतीबाई दचकलीच. "माय वं! लग्नाबिगर ढावल्याचा सूर काढाचा नसते, पोरी. मांडव नसतानी रडलं त खरंच रडणं घरात येते. मी नुसते बोल सांगीन, तू लिही."

"आन सूर कसा लिहू?"

बसंतीबाईनं थोडा विचार केला आणि उजवा हात वर उचलला. "माया हात पाह्य. हात वर हाय तवरी लांबव. खाली आला का सोड."

अहाहा! मित्रांनो, जगभर माझ्यावर लाखो लोक लिहितात, पण असं लिहिणं मी कधी पाहिलं नव्हतं. सूर लांबल्याची ती खूण तुम्हाला ठाऊक आहे ना? 'ऽ' अशी. अंजूनं ती एका बटणावर बसवून घेतली होती. बसंतीबाई बोल सांगायची, हात वर करायची, की अंजू बटण दाबून धरायची आणि मी ऽऽऽऽऽऽ करत सुटायचे. हात खाली, बटण मोकळं. सूर एकीच्याही तोंडून नाही, आणि तरी बसंतीबाईच्या ओसरीत ढावलो चालू होता. कधी कधी दोघींच्याही डोळ्यांत पाणी यायचं. मला डोळे नाहीत म्हणून, नाहीतर मीही मागे राहिले नसते.

अकरा दिवसांत एकवीस ओळी झाल्या. बारावा दिवस ऑपरेशनच्या आदला. शेवटची ओळ राहिली होती. तिच्यात नवलेरी उंबऱ्यावर मागे वळते आणि आईला एकच हाक मारते, 'याडी'. बसंतीबाईनं शब्द सांगितला, हात वर केला, डोळे मिटले, आणि हात खाली आणायलाच विसरली! कुठं गेली होती कोण जाणे. अंजूनंही बटण सोडलं नाही. मी लिहितेय, लिहितेय, ओळ संपते, दुसरी भरते, तिसरी भरते. अखेर हात खाली आला. अंजूनं डोळे पुसले आणि 'साठवा' दाबलं.

धाडकन मी बंद पडले!

अंजूनं मला परत उघडलं. ढावल्याच्या जागी कोरं पान. साठवता साठवता मी पडले, म्हणून जुनं पुसलं गेलं होतं आणि नवं लिहिलंच गेलं नव्हतं.

"झालं का वं?" बसंतीबाईनं विचारलं. तिचा घसा पार बसला होता.

अंजूनं माझं कोरं पान झाकलं. "झालं काकी. सगळं लिहिलं."

खोटं बोलली बिचारी. करणार काय? सकाळी ऑपरेशन होतं.

पण मी अगदीच नालायक नाही हं! साठवायच्या आधी मी माझ्यापाशी एक चोरप्रत करून ठेवत असते. ती माझ्याच लिपीतली, मला एकटीलाच वाचता येते, दुसरं कुणी उघडलं तर नुसती खडी दिसते. अंजूला ती सापडली. ती आनंदानं ओरडलीच, "मिळाला!" आणि तिनं ती उघडली.

धाडकन!

पुन्हा उघडली. धाडकन! दहा वेळा उघडली, दहाही वेळा मी शेवटच्या ओळीपाशी येऊन आपटले. ढावलो माझ्या पोटात होता आणि मला तो बाहेर काढता येत नव्हता. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

अंजूचा भाऊ विक्की वणीला ट्रकांच्या कंपनीत हिशेबनीस. तो सुटीवर आला होता. त्यानं बघितलं आणि निकाल दिला, "काढून फेक हे पाटी. दुसरी टाक."

"फेकली त ढावला कोण वाचन? इच्याशिवाय कोणाले वाचताच येत नाई न," अंजू म्हणाली. मी जिथल्या तिथे गार झाले होते, तिच्या या वाक्यानं माझ्या जिवात जीव आला.

आठवडा गेला. बसंतीबाई गळ्याला पट्टी बांधून घरी आली. बोलणं बंद. येता-जाता अंजूकडे बघून हसायची आणि अंजू नजर चुकवायची. एका दुपारी अंजू आजोबांपाशी जाऊन बसली. आजोबा म्हणजे रूपसिंग. सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांच्या आज्याच्या वेळची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडायची. त्याला लदेणी म्हणत. दादांनी लदेणी पाहिली नाही, पण तिच्या गोष्टी त्यांना तोंडपाठ. अंजूनं त्यांना सगळं सांगितलं. छोट्या ओळी वाचते, लांब ओळ आली की फुटते.

दादा सुतळी वळत होते. म्हणाले, "फुटते म्हणजे गोणी लहान हाय. भरनाऱ्यानं दाणे मोजले, गोणी नाई मोजली."

"म्हणजे?"

"माया आजा सांगे, मणभर ज्वारीले एक गोणी, त मणभर कापसाले तेवढीच पुरन का? वजन तेवढंच, पन कापूस जागा किती घेते! नवशिका गडी नुसतं वजन पाह्यते आन गोणी फाडते."

अंजू ताडकन उठली. मित्रांनो, इथं नीट लक्ष द्या, कारण माझी खोट हीच होती! इंग्रजीचं अक्षर माझ्या पोटात एक घर घेतं. देवनागरीचं अक्षर घेतं तीन घरं. पळसाला पानं तीन, तसं. मी मात्र एका सलग शब्दासाठी हजार घरांची गोणी घेऊन बसायचे आणि अक्षरं मोजायचे, घरं नाही. हजाराच्या आत अक्षरं आहेत ना, मग मावतीलच! इंग्रजी मावायचं. आणि देवनागरीत इतका लांब शब्द लिहितो कोण? कुणीच नाही. फक्त आईला हाक मारणारी नवलेरी.

"पन दादा, हे खरं हाय का नाई ते कसं पाहू? ढावला त फुटूनच राह्यला."

"गोणी पाह्यची असन त कोणी मीठ भरते का? कुटार भरून पाह्य."

कुटार म्हणजे भुसा. वाह रे दादा! अंजूनं कोरं पान घेतलं आणि ढावल्याचा एकही बोल न लिहिता नुसता कुटार भरला. ऽऽऽऽऽ. शंभर. मी उभी. दोनशे. मी उभी. तीनशे. तीनशे तीस. तीनशे तेहेतीस. मी उभीच. मग तिनं आणखी एक ऽ लिहिला आणि पुन्हा 'साठवा' दाबलं.

धाडकन!

"व्वा रे पाटी!" अंजू टाळ्या पिटत नाचायलाच लागली. मी पडले आणि ती नाचतेय, असं आयुष्यात एकदाच झालं. तीनशे चौतीस गुणिले तीन, करून बघा. हजाराच्या वर दोन.

पण दुसऱ्या क्षणी ती नाचता नाचता थांबली. कोर्समध्ये शिकवलेलं तिला आठवलं. गोणीतून दाणे सांडतात, ते कुठे सांडतात? माझ्या शेजारच्या घरात. आणि त्या घरात माझ्या कामाची चिठ्ठी ठेवलेली असते, आता हे कर, मग ते कर. सांडलेले दाणे चिठ्ठीवर पडतात, म्हणून मी भांबावून आपटते. आता समजा एखाद्या चोरानं दाणे हिशेबानं सांडले, तर चिठ्ठीवर त्याचे हुकूम उमटतील आणि मी मुकाट्यानं ते पाळीन! अशा चोरानं धाडलेलं एखादं साधं दिसणारं पान तुम्ही माझ्यात उघडलं, की तुमच्या संगणकाची किल्ली त्याच्या हातात. तुमचे फोटो, तुमची कागदपत्रं, सगळं. आणि मी तर जगात घरोघरी होते. मला स्वतःचीच भीती वाटली.

विक्कीला कळलं तसा त्याचा नूर पालटला. "ताई, व्हिडिओ बनवू! जगातली पाटी आपल्या तांड्यानं फोडली! रातोरात नाव होईन."

दादा सुतळीवरून नजर न उचलता म्हणाले, "कोनाच्या दाराची कडी मोडली दिसली, त घरवाल्याले सांगा लागते का बजारात डफडं वाजवा लागते?"

"झाकली मूठ, विक्की," अंजू म्हणाली. "पाटी दुरुस्त होऊ दे. मंग पाह्यजे तेवढा नाच."

तिनं मला घडवणाऱ्यांना पत्र लिहिलं. चारचौघांत नाही, अशाच खोटी कळवण्यासाठी त्यांनी एक बंद पेटी ठेवली आहे, तिच्यात. इंग्रजी वाक्यांची जुळवाजुळव करता करता तिला घाम फुटला. सोबत कुटाराचं पान जोडलं. ढावल्यातलं अक्षरसुद्धा नाही. काकीचे बोल मांडवाआधी परक्या घरी पाठवायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुकानात एका बाईचा अर्ज भरता भरता उत्तर आलं. अंजू खुर्चीवरून उठलीच. 'इथंही फुटली! आमच्या पाचही जणांकडे फुटली! खोट गंभीर आहे. दुरुस्ती होईपर्यंत कृपा करून कुणाला सांगू नका. दोन-तीन आठवडे लागतील. पण एक सांगा, इतक्या लांब एका शब्दात तुम्ही लिहीत तरी काय होता?'

अंजूनं लिहिलं, 'एका नवरीचा श्वास. आणि लग्न बारा दिवसांवर आहे.'

पलीकडे काय झालं मला ठाऊक नाही. पण त्या दिवसापासून माझ्या पोटाची जी शिलाई सुरू झाली, ती बघायला हवी होती! एक जण झोपायचा तेव्हा दुसऱ्या देशातला उठायचा. रोज पत्र. हे करून बघा, ते करून बघा.

दिवस मात्र थांबत नव्हते. संगीता आली. आल्या आल्या म्हणाली, "अंजू, ढावला दे ना. तोंडपाठ करा लागते." आता लपवणार किती? अंजू रडत रडत सगळं खरं बोलली, बसंतीबाईच्या समोर.

बसंतीबाईनं आधी अंजूचे डोळे पुसले. मग तिनं गळ्याची पट्टी सोडली, संगीताला जवळ ओढलं आणि तोंड उघडलं. ती म्हणून दाखवणार होती!

"नाई काकी, नोको!" अंजूनं तिच्या तोंडावर हात ठेवला. संगीता नर्स, तिला तर सगळं कळत होतं. "माय, आत्ता सूर काढला त आवाज कायमचा जाईन. मले ढावला नोको, तू पाह्यजे."

बसंतीबाईनं मान हलवली. माझ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे. अर्थ सरळ होता. हळदीच्या दिवसापर्यंत पाटीनं वाचलं तर ठीक, नाहीतर मी म्हणणार. मुलगी रडल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही.

म्हणजे बघा, एका बाईचा गळा आता माझ्यावर अवलंबून होता.

एक दिवस गेला. दोन गेले. तीन गेले. हळदीचा दिवस उजाडला. मांडवात बायका जमल्या, संगीताच्या गालाला हळद लागली आणि बसंतीबाईनं पुन्हा पट्टीच्या गाठीला हात घातला. तेवढ्यात अंजूच्या फोनवर घडवणाऱ्यांचं पत्र आलं. 'ही घ्या. आधी तुम्हीच बघा.' नवं पोट आलं होतं!

तिनं लगेच मला नवं केलं. चोरप्रत उघडली. हळद लागलेले चार हात, सुतळीचा एक हात, सगळे माझ्याभोवती. पहिली ओळ. दहावी. विसावी. एकविसावी. मी जीव मुठीत धरून पुढे गेले. 'याडीऽऽऽऽऽऽ'. शंभर. तीनशे तेहेतीस. तीनशे चौतीस! फुटले नाही. चारशे, पाचशे, सहाशे बारा. गोणी ऐसपैस होती. ओळ संपली, आणि मी उभी होते!

विक्कीनं शिट्टी मारली. अंजूनं संगीताला मिठी मारली. बसंतीबाईनं माझ्या काचेवर हळदीचा हात फिरवला. तो डाग अजून आहे, अंजू पुसत नाही.

दुसऱ्या दिवशी संगीतानं उंबऱ्यावर सबंध ढावलो म्हटला. ओढणीआड अंजू कागद धरून उभी होती. समोर बसंतीबाई, मुकी, पण तिचा हात वर. हात वर आहे तोवर लेकीचा सूर लांबत होता, हात खाली आला की थांबत होता. शेवटच्या हाकेला तो हात खाली येईचना. संगीताचा श्वास संपत आला, सगळा तांडा श्वास रोखून उभा, आणि मग आईनं हात हळूच खाली आणून लेकीच्या डोक्यावर ठेवला.

त्याच दिवशी माझी नवी आवृत्ती जगभर गेली. विक्कीला नाचायची परवानगी मिळाली.

पुढे घडवणाऱ्यांचं एक पत्र आलं. 'आमच्याकडे परीक्षेची एक पेटी आहे. पाटीची प्रत्येक नवी आवृत्ती घराबाहेर पडण्याआधी तिला त्या पेटीतली पानं वाचावी लागतात. तुमचं पान आम्ही तिच्यात कायमचं ठेवलं आहे. नाव काय देऊ?'

अंजूनं नाव कळवलं. 'ढावलो'.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी बसंतीबाईला बोलायची मुभा दिली. आवाज आला, पण घोगरा, पूर्वीचा नाही. अंजूनं तिला त्या पेटीची गोष्ट सांगितली. बसंतीबाई माझ्या काचेवरच्या हळदीच्या डागाकडे बघून हसली. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "म्हणजे तुयी पाटी बी रडल्याबिगर घर सोडत नाई म्हण."

खरंच की! मित्रांनो, आता माझी प्रत्येक नवी आवृत्ती सातासमुद्रापारच्या माहेराहून निघताना तो तीनशे चौतीस खुणांचा हुंदका देते, बोलांशिवायचा, आणि मगच निघते. तेव्हा तुमच्या पडद्यावर कधी 'नवी आवृत्ती आली आहे' अशी पाटी झळकली, तर कंटाळून 'नंतर' दाबू नका. ती नवलेरी आहे. रडून, माहेर सोडून तुमच्या दारात आली आहे. तिला उंबऱ्यावर ताटकळत ठेवू नका, आत घ्या.